मांजराला सलाईन

गेल्या वर्षी एका तासाला उशीर झाला म्हणून कारण विचारले गेले, तेव्हा मी खरे ते सांगून टाकले : "घरी मांजराला सलाईन द्यायचे होते." सगळा वर्ग हसला. सरही हसले. मागच्या बाकावरून कुणीतरी 'म्याँव' केले. त्या हसण्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्यानंतर जे ऐकावे लागले त्याबद्दल मात्र चार शब्द लिहावेसे वाटतात.

आमची चिंगी चौदा वर्षांची. म्हाताऱ्या मांजरांना मूत्रपिंडाचा विकार फार होतो आणि निम्म्याहून अधिक काम बंद पडेपर्यंत तो कळत नाही. मूत्रपिंडाला पाणी राखता येत नाही; मांजर सारखे पाणी पिते, तरी आतून कोरडे पडत जाते. हा विकार बरा होत नाही. कातडीखाली सलाईन दिले, तर जनावराला हुशारी वाटते, खावेसे वाटते, एवढेच.

सुरुवातीला दर तिसऱ्या दिवशी नेरूळहून रिक्षाने दवाखान्यात न्यायचो. टोपलीत चिंगीचा आक्रोश, बाकावर तासभर खोळंबा, शेजारी भुंकणारी कुत्री. घरी परतली की ती पलंगाखाली जाऊन बसे. जे पाणी तिला बरे वाटावे म्हणून द्यायचे, त्याच्यापायी तिचा जीव अर्धा होई! शेवटी डॉक्टरांनीच सांगितले, घरी द्या.

आता ते काम आजी आणि मी करतो. ज्या कडीला माझा पाळणा टांगला होता, तिलाच रिंगर लॅक्टेटची बाटली टांगतो. बाटली आधी कोमट पाण्यात धरायची. खांद्यांच्या मधली सैल कातडी चिमटीत उचलली, की तंबूसारखी पोकळी होते, तिच्यात सुई. प्रत्येक वेळी नवी. डॉक्टरांनी ठरवून दिले तेवढेच, म्हणजे शंभर मिलिलिटर, काही मिनिटांत जाते. पाठीवर उंटासारखा उंचवटा येतो, कधी पायाकडे घसरतो आणि काही तासांत जिरतो. पहिल्या दिवशी सुई कातडीच्या आरपार गेली आणि सलाईन आजीच्या लुगड्यावर! चिंगी मात्र आजीच्या मांडीवर डोळे मिटून पडलेली.

पहिला आक्षेप : हे डॉक्टरांचे काम, तुम्ही करू नये. न शिकता कोणी करूच नये, हे मलाही मान्य आहे. हृदय कमजोर असलेल्या मांजराला जास्त पाणी घातक ठरते. मात्रा आणि तपासणी डॉक्टरांचीच. पण हात घरच्यांचे का नसावेत? १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची साथ होती आणि सलाईन संपत आले होते. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठसाखरेचे पाणी रुग्णांच्या नातलगांच्या हाती सोपवले. मृत्यूचे प्रमाण शेकडा तीसवरून चारच्या खाली आले. मधुमेहाचे कितीतरी रोगी रोज स्वतःच सुई टोचून घेतात. मुंबईत परळला १८८६ पासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे. परंतु दर तिसऱ्या दिवशी लागणारी शुश्रूषा कोणतेही महाविद्यालय घरपोच करू शकत नाही.

दुसरा आक्षेप : माणसांना औषध मिळत नाही आणि तुम्ही मांजराचे लाड करता! हे म्हणणाऱ्यांपैकी एकानेही माणसासाठी बाटली धरल्याचे मी पाहिलेले नाही. (कोणी धरली असेल, तर क्षमा मागतो.)

तिसरा आक्षेप आजीचा आणि तो मला खोडता येत नाही. तिने विचारले, "हे तिच्यासाठी चाललंय, की तुझ्यासाठी?" मांजर सांगू शकत नाही, त्यामुळे थांबायचे कधी हे आपणच ठरवायचे. मी वजन आणि रक्ततपासणीचे आकडे वहीत लिहितो. आजी वही बघत नाही. चिंगी रोज सकाळी खिडकीत उडी मारून कबुतरांवर दात वाजवते. ते थांबले की बाटली उतरवायची, असे आजीने मला बजावले आहे. मी हो म्हटले आहे. या महिन्यात ती आधी खुर्चीवर चढते, मग खिडकीत. खुर्ची तिथे मीच सरकवून ठेवली आहे आणि आजीला ते ठाऊक आहे.