अर्धवट गेम दाखवावा का?

"गेम कुठवर आला रे?" दिवाळीत भेटलेल्या प्रत्येक नातेवाइकाने हे विचारलं. मी प्रत्येकाला "चालू आहे" एवढंच सांगितलं. ते खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. म्हणून आज जरा सविस्तर लिहितोय.

पुण्याची नोकरी सोडून वर्ध्याला परत आलो त्याला आठ महिने झाले. साठवलेल्या पैशांत दीड वर्ष निघेल असा हिशेब आहे. गेमचं तात्पुरतं नाव 'लाइन'. एक अंतराळयान पिढ्यान्‌पिढ्या प्रवास करतंय. त्यात सात कप्पे, प्रत्येक कप्प्यात माणसं, शेती आणि पाण्याचे पंप. यानाची अणुभट्टी म्हातारी झालीय, सगळ्यांना एका वेळी पुरेल एवढी वीज नाही. कुठल्या कप्प्याला कधी आणि किती तास वीज द्यायची, ते वेळापत्रक खेळणाऱ्याने लावायचं. थोडक्यात, अंतराळातलं लोडशेडिंग! आपल्याकडच्या माणसाला याहून ओळखीची विज्ञानकथा कुठली असणार?

दिसायला मात्र अजून काही नाही. करड्या रंगाचे सात खोके आणि त्यांवर आकडे, बस. सुरुवातीला गेम असाच करतात. चित्रं, संगीत सगळं नंतर. आधी साध्या खोक्यांवर नियम चालवून बघायचे. नियम फसले तर खोके फेकायला जीव जळत नाही, रंगवलेलं यान फेकायला जळतो.

पण असलं काही चारचौघांत दाखवायची लाज वाटते. एका भाच्याला दाखवलं तर तो म्हणाला, "मामा, यापेक्षा माझ्या मोबाइलवरचा गेम भारी आहे." त्यात चूक काय? पुण्याच्या सुपरगेमिंगने २०२४ साली 'इंडस' आणला, भारतीय वळणाच्या भविष्यात घडणारा बॅटल रॉयल. अशा गेममागे अख्खी टीम असते आणि काही वर्षांची मेहनत. त्याच्या शेजारी माझे खोके कसे दिसणार? तेव्हाच ठरवलं, पुरा झाल्याशिवाय कुणालाच दाखवायचा नाही.

ते ठरवणं बाबांनी मोडलं. बाबांनी सेलूजवळच्या गावी चाळीस वर्षं शेती केली, गेम आयुष्यात खेळले नाहीत. एका संध्याकाळी शेजारी येऊन बसले आणि म्हणाले, "दाखव बरं." मी माउस त्यांच्या हातात दिला. त्यांनी चार नंबरच्या कप्प्याला रात्री दहाची लाइन दिली आणि स्क्रीनकडे बघत राहिले. मग म्हणाले,

"हे खोटं आहे बे तुह्यं. लाइन आली का सगळ्याईच्या मोटरा एकदमच सुरू होतेत. तुह्या गेममंदी डीपी काऊन नाही जळत?"

मी गप्पच झालो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. वीज रात्री-बेरात्री येते. तेवढ्यासाठी साप आणि रानडुकरांच्या वाटेने शेतात कोण जाणार? म्हणून शेतकरी स्टार्टरला ऑटोस्विच लावतो, लाइन आली की मोटर आपोआप सुरू. पण मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. एका डीपीवरच्या सगळ्या मोटरा एकाच क्षणी सुरू झाल्या की व्होल्टेज पडतं, मोटरा तापतात आणि कधी डीपीच जळते. वीज कंपनी ऑटोस्विच काढा, कपॅसिटर बसवा असं सांगत असते. पण मी एकट्याने काढला आणि बाकीच्यांनी नाही काढला, तर माझंच रान कोरडं राहणार ना!

मी लहान असताना आमची डीपी जळली होती आणि ऐन भरात आलेला गहू वाळला होता. तेव्हा गावात सगळे एकमेकांना बोल लावत होते. त्या संध्याकाळी बाबा पहिल्यांदा म्हणाले, "आपल्याही स्टार्टरवर होता ऑटोस्विच."

दुसऱ्या दिवशी मी विजेचा सगळा कोड काढून टाकला. तीन महिन्यांचं काम! आता प्रत्येक कप्प्यातली माणसं आपापला ऑटोस्विच लावतात, आणि तो काढायला त्यांना पटवणं हाच खरा गेम झालाय.

म्हणून माझं मत आता पुरतं बदललंय. अर्धवट गोष्ट दाखवावी, आणि ज्यांना त्या माध्यमातलं काही कळत नाही त्यांना आधी दाखवावी. सजवलेल्या यानाला बाबा "छान आहे" म्हणून उठून गेले असते. खोक्यांत त्यांना खोट दिसली, कारण तिथे बघायला दुसरं काही नव्हतंच.

लवकर दाखवण्यात नकाराचा धोका आहेच. पुण्याच्याच नॉडिंग हेड्स गेम्सची 'राजी'साठीची किकस्टार्टरवरची निधीमोहीम फसली होती. तरी २०२० मध्ये 'राजी' बाजारात आला आणि जगभर खेळला गेला. आणि खरं मत मिळावं म्हणून माणसं काय काय करतात! जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला कथा पाठवली ती 'नारायण विनायक जगताप' या नावाने, स्वतःची आद्याक्षरं उलटी करून. आपल्या नावाकडे बघून कुणी बक्षीस देऊ नये म्हणून. माझ्याकडे लपवण्याजोगं नावच नाही, त्यामुळे माझं काम सोपं आहे. :)

कुणी कल्पना चोरेल असं काही मित्र बजावतात. करडे खोके चोरून कोण काय करणार? मला त्यापेक्षा दुसरी भीती जास्त वाटते. दहा महिन्यांनी पैसे संपतील आणि तोवर मी चुकीचाच गेम सजवत बसलेला असेन.

तर मंडळी, पुढच्या महिन्यात वर्ध्याला याल तेव्हा घरी या. चहा आहे, खोके आहेत. "कधी पुरा होणार" हे विचारू नका, मलाही माहीत नाही. खेळून बघा आणि कुठे खोटं वाटलं तेवढं सांगा. बाबा बाजूला बसलेले असतील, ते तुम्हालाही सोडणार नाहीत.