दोन हेडफोन आणि एक 'स'

माझा भाचा पुण्यात आयटीत नोकरी करतो आणि निम्मा पगार हेडफोनवर उडवतो, ही त्याच्या अम्मीची, म्हणजे माझ्या आपाची, नेहमीची तक्रार. या ईदला तो आला तो दोन डबे घेऊनच. एकात सेनहायझर या जर्मन कंपनीचा एचडी ८०० एस, दुसऱ्यात ऑडेझी या अमेरिकन कंपनीचा एलसीडी-एक्स. दुसरा मित्राकडून मागून आणलेला. दोन्ही लाखाच्या घरातले. मी मास्तरकीच्या सवयीने तोंड उघडणार, तोच तो म्हणाला, "मामू, पहले सुनो, फिर बोलो."

दोन दिवस ऐकलं. आता बोलतो.

आधी एक अडचण सांगतो. दोन्ही हेडफोन मागून उघडे आहेत. आतला आवाज बाहेर जातो, बाहेरचा आत येतो. रोशन गेटच्या बाजूला राहणाऱ्या माणसाने ते दिवसा वापरायचे म्हणजे कव्वालीत रिक्षाचा हॉर्न मोफत. म्हणून आम्ही रात्री एकनंतर बसलो. तरी बेगम दुसऱ्या खोलीतून म्हणाल्याच, "आवाज आ रहा है."

सेनहायझर ३३० ग्रॅमचा, ऑडेझी ६१२ ग्रॅमचा. डोळे मिटून तुलना करू म्हटलं, तर कोणता घातलाय ते मान आधीच सांगते. सेनहायझरमध्ये ५६ मिलिमीटरचा कड्यासारखा पडदा आहे आणि तो कानासमोर तिरका बसवलेला, त्यामुळे गाणं डोक्याच्या आत न वाजता थोडं पुढे, मोकळ्यावर वाजल्यासारखं वाटतं. ऑडेझीत चुंबकांजवळ ताणलेली पातळ, मोठी फिल्म आहे आणि ती सगळी एकदम हलते. सेनहायझरला ३०० ओहममुळे चांगला अॅम्प्लिफायर लागतो. ऑडेझी २० ओहमचा, साध्या फोनवरही बोलतो. सेनहायझरच्या माहितीपत्रकात ५१,००० हर्ट्झपर्यंतचा आकडा आहे. तो वटवाघळांना कळवावा. माणसाचं ऐकणं २०,०००ला संपतं, आणि माझ्या वयात त्याच्याही बरंच अलीकडे. भाच्याने दोन्हींचा आवाज सारखा लावून दिला हे मात्र बरं केलं, कारण जो जरा मोठा वाजतो तोच आपल्याला चांगला वाटतो.

भीमसेन जोशींचा अभंग लावला. पखवाजाची डावी बाजू ऑडेझीवर छातीत उतरते, सेनहायझरवर नुसती कळते. तिथे ऑडेझी सरळ जिंकला. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या जुन्या ७८ आरपीएमच्या ध्वनिमुद्रणातही तोच बरा, कारण तबकडीची खरखर तो जरा पोटात घेतो. सेनहायझर ती मोजून दाखवतो, आणि त्याच्या त्या मोकळ्या मैदानाचा इथे उपयोगही नाही, कारण मुद्रण मोनो.

मग आबिदा परवीन यांनी गायलेली सिराज औरंगाबादींची गझल लावली. आपल्याच शहरात दफन असलेल्या शायराचे शब्द, तेव्हा कान आपोआप टवकारले. सेनहायझरवर ख़, क़, श, स हे सगळे आपापल्या जागी, धार लावून उभे. ऑडेझीवर तिचा गळा जास्त भरीव, पण शब्दांची टोकं जरा बोथट. भाच्याला सेनहायझरचा 'स' टोचला. मला तो अगदी बरोबर वाटला. तो तेवीसचा, मी सेहेचाळीसचा. वयाने वरचे स्वर आधी जातात, तेव्हा त्याला जे जास्त होतं ते माझी तूट भरत होतं. इंटरनेटवर या दोन हेडफोनवरून जी भांडणं चालतात, त्यांतली निम्मी तरी दोन हेडफोनची नसून दोन कानांची असावीत.

"दिखाता हूँ," म्हणत भाच्याने लॅपटॉपवर साडेतीन हजार हर्ट्झच्या वरचं सगळं कापलं. जुना टेलिफोन एवढंच पोचवायचा. मग पलीकडच्या खोलीत जाऊन मोबाइलवर काही शब्द बोलून आणले आणि ते मला ऐकवले. मी 'सन' लिहिलं. त्याने 'फ़न' म्हटलं होतं. पाचांतले दोन शब्द चुकले. आवाज स्पष्ट होता, मोठा होता, बोलणारा घरचा होता, तरी चुकले.

मला माझ्या वर्गातली एक मुलगी आठवली. सात-आठ वर्षं झाली. इमला घेतला की 'स', 'श', 'फ़' हमखास चुकायचे. मराठीच्या शुद्धलेखनातही तेच. नाव घेऊन हाक मारली की लगेच वळायची, म्हणून कान ठीक आहेत असं मी गृहीत धरलं आणि लक्ष नाही म्हणून वर्षभर रागावलो. पुढे वडिलांनी तपासणी केली तेव्हा कळलं की तिला खालचे स्वर ऐकू येतात, वरचे नाहीत. म्हणजे स्वर पोचत होते, व्यंजनं गळत होती. बीएडला बालमानसशास्त्र शिकलो होतो, पण तिला काय ऐकू येत असेल हे त्या रात्री पहिल्यांदा माझ्या कानाने ऐकलं.

निवड विचाराल तर सेनहायझर. ज्याचं पोट शब्दांवर चालतं, ज्याला गझल, नात, अभंग यांतला शब्द आधी हवा, त्याने पखवाजाचा थोडा तोटा सोसावा. तालावर जीव असेल तर ऑडेझी घ्या, मान मजबूत असेल तर. मी दोन्ही घेणार नाही. मुलाची फी भरायची आहे. भाचा दोन्ही डबे घेऊन पुण्याला गेला.

सुट्टीनंतर शाळा उघडली. मी इमला नेहमी बाकांमधून फिरत घेतो, म्हणजे अर्ध्या वर्गाकडे पाठ. आता फळ्यासमोर उभा राहून, ओठ दिसतील असा घेतो. शेवटच्या बाकावरची दोन पोरं पुढे आणून बसवली आहेत. त्यातल्या एकाचा 'स' सुधारला. दुसऱ्याच्या अब्बांना शनिवारी बोलावलं आहे.