रस्त्यावरचे बळी आणि दैवाचा बहाणा

१ जुलै २०२३ च्या रात्री सिंदखेडराजाजवळ समृद्धी महामार्गावर खासगी बस पेटली आणि पंचवीस प्रवाशांचा अक्षरशः कोळसा झाला. त्यानंतर काही दिवसांतच त्या जागी महामृत्युंजय मंत्राचा जप करून यंत्र बसविण्यात आले. आता येथे अपघात होणार नाही, असे छातीठोकपणे सांगितले गेले! २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली पोलिसांना गुन्हा नोंदवावा लागला. माणसे यंत्राने वाचत असती तर ब्रेक कशाला लावायचे आणि टायर कशाला तपासायचे?

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात ४ लाख ६१ हजारांवर अपघात झाले आणि १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मेली. दिवसाला सुमारे ४६०! एकट्या महाराष्ट्राने १५ हजारांवर माणसे गमावली. २०२३ साली देशाचा आकडा १ लाख ७२ हजारांच्या पुढे गेला. दरवर्षी त्याच कारणांनी, त्याच रस्त्यांवर माणसे मरत असतील तर त्याला दैव कसे म्हणायचे? दैव म्हटले की चालक सुटतो, ठेकेदार सुटतो, अधिकारी सुटतो. मेलेल्याचे नशीब तेवढे खोटे ठरते.

कारणे उघड आहेत. २०२२ च्या मृत्यूंपैकी शंभरात सत्तरहून अधिक अतिवेगाच्या खात्यात नोंदले गेले. वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यावर गाडी थांबायला लागणारे अंतर चौपट होते. ताशी शंभर किलोमीटरने धावणारी मोटार सेकंदाला अठ्ठावीस मीटर जाते. मोबाईलवर आलेला निरोप वाचायला तीन सेकंद मान खाली घातली, तर ऐंशी मीटर गाडी आंधळी धावली म्हणून समजा. तेवढ्यात एखादी शाळकरी पोर रस्ता ओलांडत असेल तर?

दुसरे कारण झोप. सरळ, एकसुरी महामार्गावर पहाटेच्या वेळी उघड्या डोळ्यांनीही मेंदू पेंगतो. रात्रभर गाडी हाकणाऱ्या पगारी ड्रायव्हरला विश्रांती न देणारा मालक हाही या अपघाताचा भागीदार आहे. झिजलेले किंवा कमी हवेचे टायर तापलेल्या सिमेंट रस्त्यावर फुटतात. उलट्या दिशेने घुसणारी गाडी आणि दिवे न लावता कडेला उभा ट्रक यांची त्यात भर. दारूविषयी तर बोलायलाच नको.

सीटबेल्टचे घ्या. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात सायरस मिस्त्री यांच्यासह दोघे गेले. दोघेही मागच्या सीटवर होते, दोघांनीही पट्टा लावलेला नव्हता. पुढे बसलेले दोघे जखमी झाले, पण वाचले. मागे बसणाऱ्याला पट्टा लागत नाही हा समज श्रीमंतांच्या महागड्या गाडीतही जीव घेतो, तर भाड्याच्या जीपमध्ये कोंबलेल्या वऱ्हाडाची काय कथा?

आता मरणाऱ्यांकडे पाहा. २०२२ च्या मृतांत सुमारे चव्वेचाळीस टक्के दुचाकीवरचे आणि एकोणीस टक्क्यांहून अधिक पायी चालणारे होते. पायी चालणाऱ्यांची संख्या ३२ हजारांवर जाते! गाडीत बसलेल्याभोवती लोखंडाचे कवच आहे. पायी चालणाऱ्याला फुटपाथसुद्धा नाही. हे चालणारे कोण? कामावर जाणारी मोलकरीण, नाक्यावरचा मजूर, पहाटे झाडू घेऊन निघालेला सफाई कामगार. वस्तीला चिरून महामार्ग जातो. पूल किंवा भुयारी वाट मात्र मागाहून, तीही दहा मोर्चे काढल्यावर. एवढे करून पंचनाम्यात वाक्य ठरलेले : "पादचारी अचानक रस्त्यात आला." हे एक वाक्य भरपाईच्या दाव्यात मृताच्याच कुटुंबावर उलटते. वकिली करताना असे कागद वारंवार हाताखालून जातात.

सगळा दोष चालकाच्या नावे लिहिला की रस्ता निर्दोष ठरतो. तीन वर्षांत पाच गंभीर वा प्राणघातक अपघात किंवा दहा मृत्यू झालेला महामार्गाचा सुमारे पाचशे मीटरचा तुकडा सरकारी व्याख्येने 'ब्लॅक स्पॉट' ठरतो. म्हणजे आधी माणसे मरायची आणि मग फलक लागायचा! सदोष रस्ता बांधणाऱ्याला दंड करणारे कलम १९८-अ २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात आले. दंड किती? फार तर एक लाख. तोही किती ठेकेदारांनी भरला, हे सरकारने जाहीर करावे.

आणि न्याय? १९ मे २०२४ रोजी पुण्यात कल्याणीनगरमध्ये अल्पवयीन मुलाच्या हातातील पोर्शने दोन तरुण अभियंते चिरडले. काही तासांत जामीन आणि तीनशे शब्दांचा निबंध! पुढे रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली. आरोपांचा निवाडा न्यायालय करील. पण अल्पवयीनाच्या हाती गाडी देणाऱ्या पालकाला वा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद सांगणारे कलम १९९-अ आधीपासून कायद्यात होते, हे विसरता येणार नाही.

म्हणून आपल्या कार्यकर्त्यांनी सांत्वनाला जाताना कायदाही सोबत न्यावा. अपघाताचा पहिला अहवाल पोलिसांनी ४८ तासांत मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे पाठवायचा असतो. तो गेला की नाही, ते विचारा. एफआयआर, पंचनामा, शवविच्छेदन अहवाल आणि गाडीच्या विम्याचा तपशील मिळवा. दाव्यासाठी कायद्यात सहा महिन्यांची मुदत घातली आहे. तेराव्याच्या खर्चात आणि रडण्यात ती घालवू नका. गाडी पळून गेली, सापडली नाही, तरी मृताच्या वारसांना दोन लाख रुपयांची तरतूद आहे. मे २०२५ पासून अपघातग्रस्तावर सात दिवसांपर्यंत दीड लाखाच्या मर्यादेत रोखीविना उपचारांची योजना आहे. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला, स्त्रीला आणि कामगाराला १९८७ च्या कायद्याने मोफत वकील मिळतो. ही भीक नाही, हक्क आहे.

बंपरला लिंबू-मिरची बांधणाऱ्याने आधी टायर पाहावा, पट्टा लावावा, मोबाईल खिशात ठेवावा. आणि वस्तीतल्या माणसांनी चौकात मेलेल्याच्या फोटोला हार घालून थांबू नये. तिथे गतिरोधक, दिवे आणि फुटपाथ का नाही, याचा लेखी जाब विचारावा आणि अर्जाची पोच घेऊन यावी!