गट्टेपल्लीच्या आईबापांना उत्तर कोण देणार?

ऑक्टोबर २०२५ मध्ये भूपती या नावाने ओळखल्या जाणाऱ्या माओवादी नेत्याने साठ साथीदारांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांपुढे शस्त्रे ठेवली, नक्षलवादाच्या समूळ उच्चाटनासाठी केंद्रीय गृहमंत्र्यांनी ३१ मार्च २०२६ ही मुदत आधीच जाहीर केली होती, आणि विजयाचे चौघडे मुंबईपासून दिल्लीपर्यंत झडू लागले. परंतु ज्यांच्या अंगणातून ही मोहीम गेली त्या माडिया-गोंड आदिवासींनी तिची किंमत किती प्राणांनी चुकती केली, हे विचारण्याचे भान ना मंत्रालयाला राहिले, ना नागपूरच्या विधानभवनाला. आम्ही विचारतो.

२२ एप्रिल २०१८ रोजी भामरागडच्या जंगलात, इंद्रावतीच्या काठी, गडचिरोली पोलिसांच्या सी-६० या नक्षलविरोधी पथकाच्या जवानांनी माओवाद्यांना घेरले. दुसऱ्या दिवशी राजाराम खांदल्याच्या रानात आणखी सहा पडले, नदीतून प्रेते वर येत राहिली आणि आकडा चाळीसवर गेला. जवान नाचले, त्या नाचाची चित्रफीत देशभर मिटक्या मारीत पाहिली गेली. त्याच दिवसांत एटापल्ली तालुक्यातील गट्टेपल्लीचे आईबाप आपल्या आठ पोरापोरींना शोधत फिरत होते. पोरे लग्नाला म्हणून गेली होती, असे आईबाप सांगत होते. ती नुकतीच दलममध्ये, म्हणजे माओवाद्यांच्या सशस्त्र तुकडीत, भरती झाली होती आणि चकमकीत मारली गेली, असे पोलीस सांगत होते. पोलिसांचे म्हणणे क्षणभर खरे धरले, तरी नुकतेच घर सोडलेले कोवळे पोर जिवंत धरण्याजोगे नव्हते काय? आणि आईबापांचे म्हणणे खरे असेल, तर हा खून आहे.

पोलिसी चकमकीतील प्रत्येक मृत्यूची दंडाधिकाऱ्यामार्फत चौकशी झालीच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये बजावले. चौकशी म्हणजे जिल्हा कचेरीत चढणारी फाईल नव्हे. मृताच्या आईला तिच्या माडिया बोलीत ज्या निष्कर्षाचा एक शब्दही ऐकवला जात नाही, तो निष्कर्ष न्यायाची विटंबना आहे. शेजारच्या छत्तीसगडात सारकेगुड्याला जून २०१२ मध्ये सुरक्षा दलांच्या गोळीबारात १७ जण मारले गेले. ते माओवादी असल्याचा पुरावा नाही, असे न्या. व्ही. के. अग्रवाल आयोगाने सांगितले, आणि तो अहवाल बाहेर यायला २०१९ उजाडले. गोळीबार झाला तेव्हा केंद्रात काँग्रेस होती, रायपुरात भाजप. एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे हे दोन पक्ष, मेलेला आदिवासी नक्षलवादीच ठरवण्यात मात्र सख्खे भाऊ निघाले.

माओवाद्यांविषयी आमच्या मनात तिळमात्र दया नाही. १ मे २०१९ रोजी, महाराष्ट्र दिनी, जांभुळखेड्याला त्यांनी सुरुंग लावून १५ जवान आणि एका वाहनचालकाच्या चिंधड्या उडवल्या. त्याआधी जानेवारीत कसनासूरच्या तीन आदिवासींना, २०१८ च्या चकमकीची खबर दिली असा ठपका ठेवून, ठार करून रस्त्यावर टाकले. दलमला भात वाढला तर पोलिसांचा ससेमिरा, पोलिसांशी बोलला तर दलमची गोळी, अशा दुहेरी फासात या माणसांच्या दोन पिढ्या गेल्या. पण दलमने राज्यघटनेची शपथ घेतलेली नाही. सरकारने घेतली आहे.

शपथ घेतलेल्या या सरकारचे ढोंग तर पाहा! शस्त्रे टाका, लोकशाहीच्या वाटेने या, असा उपदेश जंगलात पत्रके वाटून करायचा. आणि गडचिरोलीतल्याच तोडगट्ट्याला माडियांनी हातात काठीही न घेता, नव्या लोहखाणींविरुद्ध २०२३ मध्ये महिनोन्महिने धरणे धरले, तेव्हा पोलीस पाठवून त्यांच्या झोपड्या मोडायच्या. बंदूक धरली तर गोळी, धरणे धरले तर लाठी. मग माडियाने तोंड उघडायचे तरी कोठे?

आसगावच्या वाचकांनो, हे परक्या मुलखातले दुखणे म्हणून हात झटकू नका. पवनीच्या घाटाला लागून जाणारी वैनगंगाच पुढे गडचिरोलीत शिरते. १९९९ पर्यंत सालेकसा-देवरीचे रान आपल्याच भंडारा जिल्ह्याचे होते. गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली ज्यांची घरे गेली, त्यांच्या शेजारी आपण राहतो. सरकारी शब्दाचे मोल आपल्याला कोणी शिकवायला नको. धान घरात आले की ग्रामसभा भरेल. तीत ठराव करा, हात वर करून करा, आणि तो जिल्हाधिकाऱ्यांमार्फत गृहखात्याला पाठवा: गट्टेपल्लीच्या आठ जणांच्या मृत्यूची न्यायालयीन चौकशी करा, तिचा अहवाल मराठीत आणि माडियात जाहीर करा, आणि दोषी गणवेशात असला तरी त्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभा करा.