डोळा आळशी, मूल नव्हे



तांदूळ निवडताना माझ्या नातीच्या हातून खडे सुटायचे. पेल्यात ओतलेलं पाणी बाहेर सांडायचं, वाचताना ओळ हरवायची. "लक्ष कुठे असतं गं तुझं?" म्हणून मीच कितीदा रागावले! चंद्रपूरला तपासणी झाली तेव्हा कळलं, तिचा डावा डोळा 'आळशी' आहे.

एका डोळ्याकडून सतत अंधुक चित्र आलं की मेंदू त्याच्याकडे दुर्लक्ष करू लागतो. दुसरा डोळा काम सांभाळतो, म्हणून घरात कुणाला पत्ताच लागत नाही. पण अंतराचा अंदाज चुकतो, जवळजवळची अक्षरं गुंततात. आपण त्याला धांदरटपणा म्हणतो.

ईर्यासमिती सांगते, साडेतीन हात जमीन पाहून पाऊल टाका. मुलाने मुंगी वाचवावी असं वाटतं, तर आधी त्याला ती दिसते का ते पाहायला नको? आणि न तपासता 'आळशी' म्हणणं, तीही वाणीची हिंसाच.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा तपासणी असते. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलभागात नेत्रतज्ज्ञ दूर, म्हणून त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. सात वर्षांच्या आत उपचाराचा गुण जास्त येतो. चष्मा आणि डॉक्टर सांगतील तितके तास चांगल्या डोळ्यावर पट्टी, बहुतेकदा एवढाच तो उपचार.

लग्नाला जाताना 'लोक काय म्हणतील' म्हणून ती पट्टी काढू नका. नातीची पट्टी मी देरासरातही काढत नाही.