सांगाडा सहा हजारांचा, वाहतूक नऊ हजारांची!
नांदेड-लातूरमधील जुन्या मोटारींचे भवितव्य ‘परतीच्या भाड्या’वर

लातूर-नांदेड परिसरात शेतातील पत्र्याच्या शेडमध्ये, वाड्याच्या मागच्या पडवीत किंवा एखाद्या गॅरेजच्या कुंपणालगत गंजत पडलेला जुन्या जीपचा सांगाडा हे काही अपरिचित दृश्य नाही. घरातील जुन्या पिढीला त्याचे अप्रूप असते, नव्या पिढीला अडचण वाटते आणि भंगारवाल्याला तो किलोच्या भावाने दिसतो. यापैकी कोणाचे म्हणणे खरे ठरणार, हे मात्र त्या घरात ठरत नाही. सांगाडा पुण्या-मुंबईच्या किंवा हैदराबादच्या कारागिरापर्यंत नेण्यास किती खर्च येतो, यावर ते ठरते. जुन्या मोटारींच्या जतनाची चर्चा सहसा हौस, वारसा आणि किंमत यांभोवती फिरते. मराठवाड्यापुरता मूळ प्रश्न वाहतुकीचा आहे.

केंद्र सरकारने १५ जुलै २०२१ रोजी मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून विंटेज वाहनांच्या नोंदणीची स्वतंत्र व्यवस्था केली. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे उलटलेली दुचाकी आणि चारचाकी वाहने या व्याख्येत येतात. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये, नूतनीकरणाचे ५ हजार रुपये आणि क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे, असे तिचे स्वरूप आहे. अशी वाहने रोजच्या वापरासाठी अथवा धंद्यासाठी रस्त्यावर आणता येत नाहीत. प्रदर्शन, रॅली, संशोधन, दुरुस्ती आणि इंधन भरणे एवढ्यापुरतीच मुभा आहे. यातील सर्वांत महत्त्वाची अट मात्र व्याख्येतच आहे. वाहन मूळ स्वरूपात असले पाहिजे. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा.

म्हणजेच सारी भिस्त चेसिसवर आहे. पत्रा नव्याने ठोकता येतो, आसने शिवता येतात, रंग देता येतो. पण ज्या पोलादी सांगाड्यावर वाहनाचा क्रमांक कोरलेला असतो तोच कापला गेला, तर कायद्याच्या दृष्टीने ती मोटार उरत नाही. भंगाराच्या यार्डात गॅस कटर पहिल्यांदा चालतो तो नेमका याच सांगाड्यावर.

कोणत्या गाडीला सांगाडा असतो?

येथे एक भेद लक्षात घेतला पाहिजे. अ‍ॅम्बॅसॅडर आणि फिएट या भारतीयांच्या सर्वाधिक परिचयाच्या जुन्या मोटारींना वेगळे करता येईल असे चेसिस नव्हते. त्यांची बॉडी हाच त्यांचा सांगाडा. त्या हलवायच्या तर पूर्ण गाडीच हलवावी लागते. स्वतंत्र चेसिस असते ते त्याआधीच्या फोर्ड, शेवरोले, डॉज यांसारख्या मोटारींना आणि जीपला. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडी येथे मोटारजोडणी सुरू केली. महिंद्रने १९४७ पासून विलीज जीपची जोडणी हाती घेतली. ग्रामीण महाराष्ट्राच्या रस्त्यांवर दीर्घकाळ टिकली ती जीपच. मराठवाड्यात आज सांगाड्यांचा प्रश्न उभा राहतो तो मुख्यत: तिच्याच बाबतीत.

विलीज जीपची पूर्ण लांबी साधारण ३.३ मीटर आणि वजन सुमारे १,१०० किलो. तिचा नुसता सांगाडा तीन मीटरच्या आसपास लांब आणि पाऊण मीटर रुंद भरतो. ही मापे वाचायला किरकोळ वाटतात; परंतु वाहतुकीचा सगळा पेच या तीन मीटरमध्ये आहे. लहान चारचाकी टेम्पोच्या हौद्यात तो मावत नाही. मागे बाहेर डोकावणारा लोखंडी माल नेणे नियमबाह्य आणि मागून येणाऱ्याच्या जिवाशी खेळणारे. मग १४ फुटी ट्रक करावा लागतो आणि त्याचा बहुतांश हौदा रिकामा जातो. या कोंडीतून ‘दोन तुकडे करून नेऊ, तिकडे जोडून घेऊ’ असा सल्ला गॅरेजमध्ये सर्रास दिला जातो. भाड्यात काही रुपये वाचविणारा हा उपाय वाहनाची ओळखच मिटवितो. कापून जोडलेला सांगाडा हा मूळ स्वरूपातील सांगाडा नव्हे.

हिशेब काय सांगतो?

नांदेडहून पुणे रस्त्याने सुमारे ४५० किलोमीटर. केवळ या सांगाड्यासाठी एक ट्रक केला, तर मालक जाण्याचे आणि रिकामे परत येण्याचेही पैसे घेणार. लिटरला ९ किलोमीटर आणि डिझेलचा दर ९० रुपये धरला, तरी ९०० किलोमीटरला १०० लिटर, म्हणजे ९ हजार रुपये निव्वळ इंधनाचे झाले. पथकर, चालकाचा भत्ता, हमाली आणि मालकाचा नफा त्यावर. दुसरीकडे सांगाड्याचे वजन २०० किलो आणि भंगाराचा दर किलोला ३० रुपये धरला, तर त्याची किंमत होते ६ हजार रुपये. हे आकडे गृहीत धरलेले आहेत. बाजारात ते थोडे मागेपुढे होतील. पण त्यांचा परस्परसंबंध बदलत नाही. वस्तूच्या भंगार किमतीपेक्षा ती हलविण्याचा खर्च अधिक असेल, तर बहुतेक घरांत भंगारवालाच जिंकतो.

हाच हिशेब दुसऱ्या बाजूने मांडून पाहावा. पुण्याहून माल घेऊन आलेला आणि काही ना काही घेऊन परत जाणारच असलेला ट्रक मिळाला, तर मोजायचे ते एकाच दिशेचे ५० लिटर, म्हणजे ४,५०० रुपये. हौद्याच्या फळीला टेकवून आडवा उभा केलेला सांगाडा फारशी जागा घेत नाही. त्याच्या वाट्याला तिसरा हिस्सा आला तरी इंधनाचा भार १,५०० रुपयांवर येतो. अंतर तेच, वस्तू तीच. फरक केवळ परतीच्या भाड्याचा.

रेल्वे : जवळ असून दूर

स्वस्त वाहतूक म्हटले की रेल्वे आठवते. मराठवाड्याने रेल्वेची मालवाहू ताकद २०१६ च्या दुष्काळात पाहिली आहे. मिरजेहून लातूरला पाणी आणणारी गाडी त्या एप्रिलमध्ये सुरू झाली. पहिल्या खेपेला १० वाघिणींतून ५ लाख लिटर आणि पुढे ५० वाघिणींतून २५ लाख लिटर पाणी एकेका फेरीत आले. पण त्या गाडीने मालवाहतुकीचा दुसरा नियमही दाखवून दिला. येताना भरलेली प्रत्येक गाडी जाताना रिकामी गेली. संकटकाळी तो खर्च शासन सोसते, एरवी ग्राहकाला सोसावा लागतो.

शिवाय आजची रेल्वे मालवाहतूक चालते ती संपूर्ण गाडीच्या हिशेबाने. मोटारी नेण्यासाठी जुन्या प्रवासी डब्यांचे रूपांतर करून बनविलेल्या वाघिणी रेल्वेकडे आहेत. मात्र त्या कारखान्यांच्या शेकडो मोटारींसाठी. एका सांगाड्यासाठी एक वाघीण मागणाऱ्याला तेथे जागा नाही. उरतो तो प्रवासी गाडीचा पार्सल डबा. चाके, स्प्रिंग आणि धुरे काढलेला नुसता सांगाडा त्यातून जाण्याची शक्यता असते. तथापि १ मीटर लांब, १ मीटर रुंद आणि ०.७ मीटर उंच या मापाबाहेरची वस्तू रेल्वेच्या लेखी अवजड ठरते व तिला जादा आकार बसतो. वजन आणि व्यापलेली जागा यांपैकी जे भारी पडेल त्यावर दर ठरतो. गाडी मधल्या स्थानकावर दोन-तीन मिनिटे थांबत असेल, तर तीन मीटरचा लोखंडी सांगाडा चढविणे व्यवहारात अशक्यच.

म्हणून येथे गाडी कोठून सुटते याला महत्त्व येते. नांदेडहून अमृतसरला जाणारी सचखंड एक्स्प्रेस, लातूरहून मुंबईला जाणारी गाडी, अशा मूळ स्थानकावरून सुटणाऱ्या गाड्यांना माल चढविण्यास वेळ मिळतो. उत्तरेकडे सांगाडा धाडणाऱ्यास नांदेड, तर मुंबईकडे धाडणाऱ्यास लातूर अधिक सोयीचे. मात्र आधी पार्सल कार्यालयात मापे दाखवून होकार मिळविल्याशिवाय सांगाडा फलाटावर नेण्यात अर्थ नाही.

दोन्ही शहरे शेजारी असली तरी रेल्वेच्या नकाशावर ती वेगळ्या राज्यांत असल्यासारखी आहेत. नांदेड हा दक्षिण मध्य रेल्वेचा विभाग. लातूर मध्य रेल्वेच्या सोलापूर विभागात. दोहोंना जोडणारा थेट मार्ग नाही. परभणी, परळी, लातूर रोड असा वळसा घ्यावा लागतो. लातूरची अरुंद मापाची बार्शी लाइट रेल्वे २००७-०८ मध्ये रुंद झाली, नांदेडचा मीटरगेज त्याआधीच गेला. रूळ सारखे झाले. परंतु लहान ग्राहकासाठी या दोन शहरांची रेल्वे अद्याप एक झालेली नाही. लातूरच्या कारखान्यात २०२० च्या डिसेंबरमध्ये रेल्वे डब्याचा पहिला सांगाडा तयार झाला. त्याच लातुरातून जीपचा सांगाडा रेल्वेने पाठविणे अवघड असावे, यातील विसंगती बोलकी आहे.

रस्ता : हंगाम पाहून निघावे

साहजिकच खरा पर्याय रस्त्याचाच राहतो. येथे हंगामाचे गणित कामी येते. लातूर ही डाळी आणि सोयाबीनची मोठी बाजारपेठ. ऑक्टोबरपासून सोयाबीन आणि त्यानंतर तूर बाजारात येऊ लागली की ट्रकांना मागणी वाढते. त्या काळात तीन मीटरचा बेढब सांगाडा कोणी आनंदाने घेणार नाही. पावसाळ्यात आवक मंदावते. खते, सिमेंट, किराणा घेऊन आलेल्या गाड्या परतीच्या मालाच्या शोधात थांबतात. भाड्याची घासाघीस करण्याचा काळ तो. घाई नसलेल्या मालाला मिळणारी ही सवलत आहे आणि दोन-तीन दशके पडून राहिलेल्या सांगाड्याला दोन आठवड्यांची घाई असण्याचे कारण नाही.

चाकांसह उभे असलेले चेसिस न्यायचे असेल तर वेगळा मार्ग आहे. पुणे परिसरातील कारखान्यांतून नव्या मोटारी विक्रेत्यांकडे पोचवून कार कॅरिअर परततात, तेव्हा त्यांत जागा असते. मात्र वाहन ढकलता आले पाहिजे आणि स्टिअरिंग वळले पाहिजे, ही त्यांची पहिली अट. जाम झालेली चाके गावातच मोकळी करून घेतली, तर क्रेनचा खर्च दोन्ही टोकांना वाचतो. हैदराबादच्या दिशेने नांदेडपासून अंतर पुण्यापेक्षा बरेच कमी. पण राज्याची सीमा ओलांडताना कागदपत्रे अधिक काटेकोर लागतात.

स्वस्ताईची दुसरी बाजू

कमी भाड्याच्या मोहात दोन गोष्टी हमखास राहून जातात. पहिली कागदपत्रांची. उघड्या ट्रकवरील क्रमांक कोरलेला सांगाडा पाहून पोलिसांनी चौकशी करणे स्वाभाविक आहे. जुने नोंदणी पुस्तक, विक्रीचा लेखी करार, मालकाच्या ओळखपत्राची प्रत आणि क्रमांकाचे छायाचित्र सोबत हवे. वाहन विकून दुसऱ्या राज्यात नोंदवायचे असल्यास परिवहन कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्रही लागते. मालाचे मूल्य मर्यादेबाहेर असेल तर ई-वे बिलाचा प्रश्न येतो. ही मर्यादा महाराष्ट्रांतर्गत वाहतुकीला १ लाख रुपये, तर आंतरराज्य वाहतुकीला ५० हजार रुपये आहे.

दुसरी गोष्ट जोखमीची. रस्ते मालवाहतुकीच्या २००७ च्या कायद्याखालील नियमांनुसार मालाचे मूल्य आधी जाहीर केले नसेल, तर वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपुरती मर्यादित राहते. दोन हजार रुपये भाडे ठरविले म्हणजे नुकसानीची कमाल भरपाई २० हजार रुपये. रेल्वेतही मूल्य जाहीर करून त्याचे शुल्क भरले नाही, तर भरपाई वजनाच्या हिशेबाने अडते. ज्या सांगाड्याला पर्याय मिळणार नाही, त्याचे मूल्य बिल्टीवर लिहून घेणे आणि मार्गातील विमा उतरविणे ही उधळपट्टी ठरत नाही.

उपाय फार दूर नाही

या प्रश्नाला मोठी योजना लागत नाही. कोविडकाळात, ऑगस्ट २०२० मध्ये सुरू झालेल्या किसान रेल्वेने अनेक शेतकऱ्यांचा थोडा थोडा माल, वेगवेगळ्या स्थानकांवर, एकाच गाडीत घेण्याची पद्धत रुजविली. नांदेड विभागातील नगरसोलहून कांदा अशा गाड्यांनी देशभर गेला. एसटी महामंडळानेही त्याच वर्षी जुन्या बसगाड्यांचे मालवाहू गाड्यांत रूपांतर करून मालवाहतूक सुरू केली. दोन्ही प्रयोगांमागचे तत्त्व एकच होते; लहान ग्राहकांना एकत्र केले की मोठी गाडी परवडते. जुन्या मोटारींचे मालकही हे करू शकतात. लातूर, नांदेड, परभणी येथील पाच-सहा सांगाड्यांची एक खेप केली, तर पूर्ण ट्रकही प्रत्येकाच्या आवाक्यात येतो. परिवहन कार्यालयांनी सांगाडा हलविण्यापूर्वीच क्रमांकाची पडताळणी करून तसा दाखला दिला, तर मार्गातील बराच मनस्ताप टळेल. नियम करणाऱ्यांनी नोंदणीचे शुल्क ठरविले; नोंदणीयोग्य होईपर्यंत ते वाहन टिकावे कसे, याचा विचार मात्र केला नाही.

याहून स्वस्त पर्यायही आहे. सांगाडा कारागिराकडे नेण्याऐवजी कारागिराला सांगाड्याकडे आणणे. गंज काढणे, रिबिटांची तपासणी, स्प्रिंगची दुरुस्ती ही कामे लातूर-नांदेडच्या गॅरेजमध्ये होऊ शकतात. जाणकार माणूस दोन दिवस येऊन दाखवून गेला तरी पुरे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील विद्यार्थ्यांना त्यातून वेगळे कौशल्य मिळेल. मग लांबचा प्रवास करावा लागेल तो एकदाच, तोही गाडी चाकांवर उभी राहिल्यानंतर.

तोपर्यंत पडवीतील सांगाड्याच्या मालकाने एवढे तरी करावे. भाडे परवडत नाही म्हणून त्याचे तुकडे करू नयेत आणि परतीची गाडी मिळेपर्यंत तो पावसात ठेवू नये. परतीची गाडी उशिरा का होईना, मिळते. कापलेले चेसिस मात्र पुन्हा मिळत नाही.