कॅलेंडर बघून पडणारे दगड

पावसाळा आला की माथेरानची गाडी नेरळ ते अमन लॉज बंद. वर अमन लॉज ते माथेरान तेवढी शटल. मग पाऊस सरला की गाडी पुन्हा सुरू होते, आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर फोटो येतात आणि खाली कुणीतरी लिहितंच, "चला, धोका टळला!"

कसा काय टळला? बंद ठेवणं ही खबरदारी आहे, मान्य. पण धोका मोजणं म्हणजे ते नव्हे. दगड कॅलेंडर बघून पडत नाहीत.

हा डोंगर म्हणजे बेसॉल्टचे थरावर थर, मधेमधे तांबड्या मऊ मातीचे पट्टे आणि माथ्यावर जांभा. जांभ्यात मुरलेलं पाणी खालच्या भेगांत उतरतं. मऊ पट्टा झिजतो, वरचा कातळ अधांतरी राहतो. मग तो जुलैत येईल, नाहीतर नोव्हेंबरातल्या कोरड्या दुपारीही. पीरभॉय पितापुत्रांनी १९०७ साली सुरू केलेली ही दोन फुटी लाइन अशाच उतारांना कापत वर चढते.

२६ जुलै २००५ च्या पावसात ती वाहून गेली, २००७ मध्ये परत सुरू झाली. २०१९ मध्ये पुन्हा वाहून गेली ती थेट ऑक्टोबर २०२२ पर्यंत. या वेळी जाळीत दगड भरून भिंती बांधल्या, चांगलंच झालं. पण आता पुढचा नंबर कुठल्या वळणाचा, हे आधी कसं कळणार?

उत्तर लांब नाही, कर्जतलाच आहे. बोरघाटात पावसाळ्याआधी रेल्वेची माणसं दोर लावून कड्यावर चढतात, सुटायला आलेले दगड शोधतात आणि मुद्दाम खाली पाडतात. आपण "दरड कोसळली" म्हणतो, जणू तिलाच लहर आली. बोरघाटात दरड पाडतात! माझा सगळा वाद या एका क्रियापदाचा आहे.

यावर आमचे एक काका म्हणतात, "अरे ती मेन लाइन. हे खेळणं." खेळण्यात बसतात ती माणसंच ना, आणि त्यातही बरीचशी पोरं. गाडी हळू चालते, लवकर थांबते, हे खरं. पण अंगावर आलेल्या दगडापुढे त्याचा काय उपयोग? आणि मेन लाइनवाले तरी कधी शहाणे झाले? कोकण रेल्वेवर २००३ च्या जूनमध्ये वैभववाडीजवळ दरडीने गाडी घसरली, पन्नासहून जास्त माणसं गेली. पुढच्याच जूनमध्ये करंजाडीजवळ मत्स्यगंधा दगडांवर आदळून पुलावरून खाली गेली. त्यानंतर जाळ्या, उतार कमी करणं, गस्त वाढवणं यांना जोर आला. आपल्याकडे मोजणी आधी मृतांची होते, मग दगडांची.

मोजायची पद्धत काही गौडबंगाल नाही. अमेरिकेतल्या ऑरेगॉन राज्याने रस्त्यांसाठी एक केली आहे. कड्याची उंची किती, पायथ्याचा चर दगड अडवेल का, भेगा कुठल्या दिशेला कलल्या आहेत, पाणी कुठून येतं, पूर्वी तिथे किती वेळा पडलंय, अशा प्रत्येक गोष्टीला ३, ९, २७ किंवा ८१ गुण. बेरीज जास्त, तिथे आधी पैसा. रुळांना लागेल तेवढे बदल करून घ्या.

आणि गाडी बंद असते तेव्हा माणसं कुठून जातात? टॅक्सीने, त्याच डोंगरातून! घाटरस्ता आणि रूळ काही ठिकाणी एकमेकांना छेदतात. म्हणजे रुळावरचा धोका आपण रस्त्यावर ढकलला आणि रेल्वेच्या वहीत शून्य लिहिलं. मोजायचा तर अख्खा उतार मोजा, त्यावर हद्द कुणाची का असेना.

इथून जवळच, खालापूर तालुक्यात, १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडी गाडली गेली. ती दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, असं नंतर सरकारनेच सांगितलं. यादी होती, वाडी तिच्यात नव्हती. त्यामुळे "आमच्याकडे यादी आहे" एवढ्यावर माझं समाधान होणार नाही.

नेरळच्या स्टेशनात फळा लावा. कुठलं वळण, किती गुण, शेवटचं कधी तपासलं, काय पाडलं. तिकिटाच्या दरांशेजारी लावलात तरी चालेल.